मीठ गप्प, साखर हिरवी : स्फटिक, सिमेट्री आणि पिळाचा लेझर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या मागेपुढे, म्हणजे विज्ञान दिनाच्या निमित्ताने, आम्ही दोघंतिघं जण गोव्यातल्या शाळा-हायर सेकंडऱ्यांतून लेझर आणि स्फटिकांच्या गोष्टी सांगत फिरतो, कधी फोंडा, कधी डिचोली, कधी पेडणे. मोठा लेझर अर्थातच नेत नाही, तो लॅबमध्येच बरा, त्याचे व्हिडिओ आणि एक-दोन निरुपद्रवी गोष्टी नेतो. प्रश्न मात्र तेच तेच येतात, आणि नंतर व्हॉट्सॲपवर परत येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. गणित टाळलंय. एकदोन ठिकाणी मोजामोजी आहे, पण ती बोटांवर होते.

नॉनलिनियर ऑप्टिक्स म्हणजे नेमकं काय हो?

साध्या भाषेत, प्रकाश एका रंगाचा आत घातला आणि बाहेर दुसऱ्या रंगाचा आला, तोही फिल्टर न लावता. काचेतून लाल प्रकाश गेला की लालच बाहेर येतो, कारण त्या प्रकाशाचं इलेक्ट्रिक फील्ड इतकं मिळमिळीत असतं की आतले इलेक्ट्रॉन जेवढं ढकलाल तेवढेच हलतात, दुप्पट ढकललं तर दुप्पट, संपला विषय. भर दुपारच्या मिरामारच्या उन्हात फील्ड किती असेल तर मीटरला सुमारे ९०० व्होल्ट. आणि अणूच्या आत इलेक्ट्रॉनला धरून ठेवणारं फील्ड? ५ लिहून पुढे ११ शून्यं. आता या पैलवानासमोर ९०० व्होल्टवाला काय करणार! म्हणून लेझर येईपर्यंत ही गोष्ट कुणाला धड दिसलीच नाही.

पहिला लेझर १९६० चा, मेमनचा, रुबीचा. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो लाल प्रकाश, ६९४.३ नॅनोमीटरचा, क्वार्ट्झच्या तुकड्यातून नेला आणि पलीकडे बरोबर अर्ध्या वेव्हलेंग्थचा, ३४७ च्या आसपासचा अल्ट्राव्हायोलेट मिळाला. फोटोप्लेटवर त्याचा एवढासा ठिपका आला होता, आणि पेपर छापताना कुणालातरी तो कचरा वाटला म्हणून पुसून टाकला! छापलेल्या चित्रात बाण आहे, ठिपका नाही. हा किस्सा सांगितला की मुलं जागी होतात.

म्हणजे लेझर पुरेसा पॉवरफुल असला की कुठल्याही वस्तूत रंग बदलतो?

नाही, आणि ही सगळी खटपट या एका 'नाही'साठीच आहे. पॉवर लागतेच, पण पॉवरच्या आधी परवानगी लागते. पैसा कितीही असू दे, पंचायतीची एनओसी नसली तर घराची एक वीट चढत नाही, तसं. इथे एनओसी देते ती स्फटिकाची सिमेट्री, आणि तिला चहापाणी देऊन चालत नाही.

मीठ आणि साखर, हा काय प्रकार आहे?

हा आमचा लाडका प्रयोग. आगरवाडोच्या मिठागरातलं जाडं मीठ, आणि घरातली साखर. दोन्ही खलबत्त्यात बारीक कुटायची, दोन काचपट्ट्यांवर वेगवेगळी पसरायची, आणि निओडिमियम-याग लेझरचे १०६४ नॅनोमीटरचे, नॅनोसेकंदांचे झटके त्यावर मारायचे. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इन्फ्रारेड आहे. साखरेवर पडला की प्रत्येक झटक्याला बारीक हिरवी ठिणगी दिसते, ५३२ ची, बरोबर अर्धी. मिठावर पडला की काही नाही. तोच लेझर, तीच पॉवर, दिसायला दोन्ही पांढरे दाणे.

(घरी करू नका. हा लेझर डोळा कायमचा घालवतो, आणि दिसत नसल्यामुळे पापणीसुद्धा मिटत नाही. आम्ही प्रत्येक वेळी गॉगल घालूनच, आणि पुष्कळदा डोळ्याऐवजी कॅमेऱ्याने बघतो.)

पहिल्यांदा केलं तेव्हा मीठही हिरवं चमकलं! अर्धा तास आम्ही एकमेकांकडे बघत बसलो, एकजण तर म्हणाला की मिठात आयोडिन असेल म्हणून, आता मिठागरातल्या मिठात कुठलं आयोडिन. शेवटी कळलं की लेझरच्या डब्यातच पूर्वी कुणीतरी डबलिंगचा क्रिस्टल बसवून ठेवलेला, त्यातून थोडा हिरवा आधीच गळत होता आणि मिठाचे दाणे तो फक्त उडवत होते. वाटेत हिरवा अडवणारा फिल्टर लावला, मीठ गप्प झालं, साखर चालूच राहिली. तेव्हापासून नियम केलाय: आधी गप्प बसणारी वस्तू ठेवून बघायची, मग बोलणारी.

पण मीठ का गप्प?

मिठाच्या स्फटिकाला इन्व्हर्जन सेंटर असतं. म्हणजे कुठलाही सोडियम अणू घ्या, त्याच्या डावीकडे, वर, पुढे अमुक अंतरावर जे आहे तेच बरोबर विरुद्ध दिशेला तेवढ्याच अंतरावर आहे. सगळा स्फटिक त्या बिंदूतून आरपार उलटा केला तरी कुणाला कळणार नाही.

आता युक्तिवाद बघा, दोन ओळींचा आहे. समजा दुप्पट फ्रीक्वेन्सी (म्हणजेच अर्धी वेव्हलेंग्थ) तयार करणारी हालचाल फील्डच्या वर्गावर अवलंबून आहे. सगळं उलटं करा: स्फटिक तोच राहिला, फील्ड उलटं झालं, मग हालचालही उलटी व्हायला हवी. पण वर्ग काही उलटा होत नाही, उणे तीनचा वर्गही नऊच! म्हणजे हालचाल उलटीही हवी आणि तीच ती हवी. असा आकडा एकच, शून्य. झालं. इथे क्वांटम मेकॅनिक्स लागलं नाही, सोडियमचं नावही लागलं नाही.

साखरेचा रेणू मात्र हाताच्या पंज्यासारखा आहे, उजवा आणि डावा वेगळा, आणि साखर-कारखान्यात फक्त एकाच हाताची येते. अशा रेणूंनी भरलेला स्फटिक आरपार उलटा केला तर त्यात दुसऱ्या हाताचे रेणू दिसायला लागतील, म्हणजे तो तोच राहणारच नाही. सेंटर नाही, एनओसी मिळाली.

दोन वेगळे अणू असले की सेंटर मोडतं ना? मिठातही सोडियम आणि क्लोरीन वेगळेच आहेत की.

हा प्रश्न चांगला आहे आणि माझाही यात एकदा तोंडी परीक्षेत पोपट झालेला. यासाठी चवथीची माटोळी आठवा. लाकडी पट्ट्यांची चौकट, प्रत्येक फुलीवर काहीतरी टांगलेलं. समजा एक सोडून एक नारळ आणि तवसं (मोठी काकडी) टांगलं, बुद्धिबळाच्या पटासारखं. एका नारळाखाली उभं राहून बघा: डावीकडे तवसं, उजवीकडेही तवसं, पुढे-मागे तेच. म्हणजे दोन वस्तू वेगळ्या असूनही नारळ हे सेंटर आहेच. हे झालं मीठ.

आता चौकट मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी करा (घरच्यांना चालणार नाही, पण करा). प्रत्येक नारळाला तीनच शेजारी, तिन्ही तवशी, आणि तीन शेजारी असले की समोरासमोर कुणीच येत नाही, एकाच्या समोर मोकळी जागा येते. सगळीकडे नारळच असता तर षटकोनाच्या मधल्या पोकळीला सेंटर मिळालं असतं, नारळासमोर नारळ. तसं ग्राफीन आहे, सगळे कार्बन. पण नारळ-तवसं आलटून पालटून लावलं की त्या पोकळीतही नारळासमोर तवसं येतं आणि सेंटर गेलं. हे झालं बोरॉन नायट्राइडचं एक पापुद्र्याचं शीट. म्हणजे कोण टांगलंय यापेक्षा कुणासमोर कोण टांगलंय याला किंमत आहे.

असे सेंटर नसलेले स्फटिक किती प्रकारचे?

एकूण क्रिस्टल क्लास ३२. त्यातले ११ सेंटरवाले, २१ बिनसेंटरचे. या २१ पैकी २० पिझोइलेक्ट्रिकही असतात, म्हणजे दाबले की व्होल्टेज देतात, जी गोष्ट क्युरी भावांनी १८८० मध्ये शोधली. नियम तोच आहे, फक्त प्रकाशाच्या जागी अंगठा. तुमच्या गॅसच्या लायटरमधला खटका हा आमच्या लेझर क्रिस्टलचा चुलतभाऊच म्हणा. उरलेला एक क्लास असा हट्टी आहे की सेंटर नसूनही बाकीच्या सिमेट्री मिळून पिझोचा प्रत्येक आकडा शून्य करून टाकतात.

टेन्सर टेन्सर म्हणतात ते काय? काय-टू ला २७ आकडे का?

टेन्सर म्हणजे दिशांप्रमाणे मांडलेला आकड्यांचा तक्ता, आणि काय-टू म्हणजे फील्डच्या वर्गाला स्फटिक किती दाद देतो ते सांगणारा तक्ता. फील्डला तीन दिशा, दोनदा लागतं म्हणून तीन गुणिले तीन, आणि उत्तरालाही तीन दिशा, म्हणून २७. दोन्ही फोटॉन एकाच बीममधले असले तर पहिला कोण दुसरा कोण याला अर्थ नाही, म्हणून १८ उरतात. मग स्फटिकाची सिमेट्री झाडू घेऊन येते. न्यूमनचं तत्त्व आहे की स्फटिकाची जी सिमेट्री ती त्याच्या प्रत्येक गुणधर्मात दिसलीच पाहिजे, आणि त्या एका वाक्यात बहुतेक आकडे मरतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये शेवटी एकच स्वतंत्र आकडा शिल्लक राहतो. क्वार्ट्झमध्ये दोन. लिथियम नायोबेटमध्ये जरा जास्त, आणि त्यातला डी-थ्री-थ्री नावाचा तगडा आहे, बाकीच्यांपेक्षा कितीतरी पट मोठा, पण तो वापरायचा तर प्रकाशाचं फील्ड क्रिस्टलच्या मुख्य अक्षाच्याच दिशेने हवं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जत्रेत मिळतो तो हिरवा पॉइंटर याच तत्त्वावर चालतो का?

पुष्कळसे, हो. आत ८०८ नॅनोमीटरचा डायोड, तो निओडिमियमच्या स्फटिकाला जागवतो, तिथून १०६४ निघतं, आणि केटीपी नावाचा बारकासा तुकडा ते ५३२ करतो. स्वस्त मालात शेवटचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टरच बसवलेला नसतो, मग हिरवा मंद दिसला तरी न दिसणारा प्रकाश भरपूर बाहेर येतो. पोरांना खेळायला देऊ नका, अगदी खरंच.

परवानगी मिळाली, पॉवरही आहे, तरी प्रकाश मिळेना. का?

फेज मॅचिंग. शिगम्यात लांबलचक रोमटामेळ निघाला की पुढचे ढोल आणि मागचे ढोल यांच्यात ताल सरकतो हे ऐकलंय ना, मध्ये उभं राहिलं की नुसता गोंगाट. स्फटिकात तेच होतं. मूळ प्रकाश आणि नवा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातात, त्यामुळे अलीकडे तयार झालेला हिरवा आणि पलीकडे तयार झालेला हिरवा एकमेकांना खोडतात, आणि हे कित्येकदा काही मायक्रॉनमध्येच घडतं. १९६२ मध्ये यावर उपाय निघाला की स्फटिक अशा कोनात कापा की एका पोलरायझेशनचा (पोलरायझेशन म्हणजे प्रकाशाचं फील्ड कुठल्या दिशेने हलतं ते) मूळ आणि दुसऱ्या पोलरायझेशनचा नवा एकाच वेगाने जातील. बीबीओ, म्हणजे बेरियम बोरेटच्या स्फटिकामध्ये, १०६४ साठी हा कोन साधारण २३ अंश.

दुसरा उपायही त्याच वर्षी ब्लोमबर्गन आणि मंडळींनी सुचवला, ज्याला पुढे १९८१ चं नोबेल मिळालं ते ब्लोमबर्गन: ताल चुकायची वेळ आली की स्फटिकच उलटा करायचा. लिथियम नायोबेटमध्ये हल्ली व्होल्टेज देऊन पट्ट्यापट्ट्यांनी डोमेन (एकाच दिशेला तोंड असलेले स्फटिकातले भाग) उलटे करतात, १०६४ चा हिरवा करायला दर ७ मायक्रॉनच्या आसपास एक पूर्ण फेर. इथे मजा बघा, सिमेट्री नाही म्हणूनच 'उलटा' या शब्दाला अर्थ आहे. मीठ उलटं केलं तर मीठच.

आता स्ट्रक्चर्ड लाइट सांगा. प्रकाशाला आकार असतो म्हणजे?

साधा लेझर म्हणजे मध्ये झगझगीत, कडेला विरत जाणारा गोळा. उंडो, म्हणजे गोल पाव समजा. स्ट्रक्चर्ड म्हणजे त्याची उजळ-अंधारी जागा, फेज (लाट आपल्या चढउतारात कुठे पोचली आहे ते), पोलरायझेशन, यातलं काहीतरी किंवा सगळंच जागेप्रमाणे मुद्दाम बदललेलं. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे व्हॉर्टेक्स, आणि तो हुबेहूब पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, काकणासारखा दिसतो, मध्ये भोक, भोवती कडं. भोक का? कारण त्याची फेज मध्याभोवती जिन्यासारखी चढत जाते आणि मध्यावर सगळे फेज एकत्र येतात, तिथे कुणाचं ऐकायचं तेच ठरत नाही म्हणून प्रकाश शून्य होतो. एका फेऱ्यात फेज जितके पूर्ण वळसे घेते त्याला एल म्हणतात. लायडनच्या ॲलन, वुर्डमन वगैरे चौघांनी १९९२ मध्ये दाखवलं की अशा बीममधला प्रत्येक फोटॉन एल एककं एवढा ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम (मध्याभोवती फिरण्याचा जोर) वाहतो. हा पोलरायझेशनच्या स्पिनपेक्षा वेगळा. स्पिन प्लस-मायनस एकच, एल मात्र कितीही.

करायचं कसं? जिन्यासारखी घडवलेली काच, नाहीतर स्क्रीनवर काट्याच्या आकाराची रेघारेघांची जाळी, म्हणजे सरळ रेघांत मधेच एक जास्तीची रेघ घुसलेली, आणि त्यावरून लेझर उडवायचा. ऐकायला सोपं आहे. बीम जाळीच्या मध्यापासून केसभर बाजूला पडला तरी काकण एका बाजूने जाड होतं आणि भोक काठाकडे सरकतं. माझा पहिला आठवडा त्यातच गेला, स्क्रू अर्धा दाणा फिरवायचा, श्वास रोखून कॅमेऱ्यात बघायचं, आणि बाहेर कोणीतरी दार आपटायचं.

काकण स्फटिकात घातलं तर काय होतं?

एल दुप्पट होतं. एक घातलात तर हिरव्यात दोन, दोन घातलंत तर चार. १९९६ च्या सुमाराला स्कॉटलंडमधल्या पॅजेट, ढोलकिया, ॲलन यांच्या गटाने हे करून दाखवलं. कारण साधं आहे, फेज दुप्पट होते, मग जिना दुप्पट चढाचा होतो. मोजायचं तर बीम तिरप्या भिंगातून जाऊ द्यायचा, काकण फुटून पट्टे दिसतात, मधल्या काळ्या फटी मोजल्या की एल मिळतं. दोन फटी पहिल्यांदा स्क्रीनवर हिरव्या दिसल्या तेव्हा मी उगाचच चारपाच जणांना बोलावून आणलं होतं, त्यातले दोघे कँटीनचे.

पण पुस्तकात जेवढं गोल दाखवतात तेवढं येत नाही. बीबीओसारख्या स्फटिकात हिरवा प्रकाश तिरपा सरकतो, ३ अंशांच्या आसपास, त्यामुळे काकण एका बाजूला ओढल्यासारखं होतं, आणि एल दोनचं एक भोक असतं ते फुटून जवळजवळ दोन एक-एकची भोकं होतात. जाड क्रिस्टल घेतला तर जास्तच.

यात स्फटिकाची सिमेट्री कुठे आली? एल तर कुठल्याही स्फटिकात दुप्पटच होणार.

बरोबर पकडलंत. रुंद, सावकाश पसरणाऱ्या बीममध्ये स्फटिकाला पूर्ण काकण दिसतच नाही, प्रत्येक जागेला फक्त तिथलं फील्ड दिसतं. म्हणून नुसत्या एलला स्फटिक काही करत नाही. सिमेट्री पोलरायझेशनच्या दारातून येते. त्यासाठी जमाखर्च शिकून घ्या, सगळ्या विषयात मला आवडणारी हीच गोष्ट.

गोल फिरणारं, म्हणजे सर्क्युलर पोलरायझेशन घ्या, स्पिन अधिक एक. दोन फोटॉन घातले, जमा दोन. बाहेर एकच फोटॉन जाणार, तो फक्त अधिक एक किंवा उणे एक नेऊ शकतो, दोन नेणारा फोटॉन नसतो. मग हिशेब लागत नाही, म्हणून साधारणपणे काही निघत नाही. पण स्फटिक स्वतः मोमेंटम उसना घेऊ-देऊ शकतो, फक्त सुट्टे नाहीत त्याच्याकडे: एक तृतीयांश फेऱ्यात जुळणारा स्फटिक तीनच्याच नोटा देतो, चौपदरी चारच्या, सहापदरी सहाच्या. आता बघा. तीनवाला: दोन वजा तीन, उणे एक. चालतो! हिरवा निघतो, आणि निघतो तो उलटा फिरणारा. चारवाला: दोन वजा चार, उणे दोन, असा फोटॉन नाही, बंद. सहावाला, बंद. दोनवालाही बंद, करून बघा.

याचा पडताळा एकाच गॅलियम आर्सेनाइडमध्ये होतो. घनाच्या बाजूने, म्हणजे तिथल्या दुपदरी अक्षाने, प्रकाश घातला तर सर्क्युलर असो की सरळ, पुढच्या दिशेने काही नाही. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, तीनपदरी अक्षाने घातला की हिरव्याचा, बरं हिरवा नाही, जो काही रंग असेल त्याचा, दरवाजा उघडला. तेच अणू, फक्त बघायची दिशा बदलली.

तीन फोटॉनच्या थर्ड हार्मोनिकला (तिप्पट फ्रीक्वेन्सीच्या प्रकाशाला) तीन जमा, चारवाला देतो उणे एक, चालतो. गॅस किंवा काच, ज्यांच्याकडे नोटाच नाहीत, तिथे सर्क्युलर प्रकाशाने थर्ड हार्मोनिक शून्य. असे नियम १९६० च्या अखेरीस आणि ७० च्या सुरुवातीला लिहून झालेत.

आणि पोलरायझेशनच जागेप्रमाणे बदललं तर?

मग खरी जुगलबंदी. रेडियल बीम घ्या: काकणाच्या प्रत्येक जागी फील्ड बाहेरच्या दिशेने, सूर्याच्या किरणांसारखं चित्र काढतात ना तसं. हा तीनपदरी स्फटिकावर, अक्षाच्या दिशेनेच टाकला, आणि स्फटिक मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका पापुद्र्यासारखा पातळ असला म्हणजे फेज मॅचिंगची भानगड नाही. तर नवा प्रकाशही अख्खं काकणच येतं, सगळीकडे सारखा उजळ. माणसाला वाटतं सिमेट्रीचा काही परिणामच झाला नाही. पण त्याचं पोलरायझेशन आता किरणांसारखं राहिलेलं नसतं, काकणाभोवती एक फेरा मारेपर्यंत ते उलट्या दिशेने दोन फेरे घेतं. समोर साधा पोलरायझर धरला की काकणाच्या चार पाकळ्या होतात. आणि फक्त बाहेरच्या दिशेचा भाग मोजला तर सहा.

जमाखर्चाने बघा: रेडियल बीम म्हणजे दोन तुकड्यांची बेरीज, एल उणे एक स्पिन अधिक एक, आणि बरोबर उलट. दोन्हींची एकूण बेरीज शून्य. दुप्पट केल्यावर पहिल्या तुकड्याचं एल उणे दोन झालं, आणि स्पिन वरच्या हिशेबाने उणे एक, एकूण उणे तीन. दुसऱ्याचं अधिक तीन. शून्य घातलं आणि तीन निघाले, ते तीन कुठून आले तर स्फटिकाच्या खिशातून. नोट ओळखता येते!

हाच रेडियल बीम फेज मॅचिंगला कापलेल्या बीबीओत घाला, चित्र वेगळं. तो स्फटिक एकाच दिशेचं फील्ड घेतो, बाकीचं त्याच्या हिशेबी नाहीच, त्यामुळे काकण मोडून दोन तुकडे उरतात. एका विद्यार्थ्याने मला विचारलं की सर बीम तुटलाय, आरसा बघू का. आरसा ठीक होता.

बारीक फोकस केलं तर काही वेगळं होतं का?

हो, आणि इथे तो लिथियम नायोबेटचा तगडा आकडा आठवा. साधारण बीममध्ये फील्ड आडवंच असतं, प्रवासाच्या दिशेने नसतं. पण मायक्रोस्कोपच्या भिंगाने करकचून फोकस केलं की किरण इतके तिरपे येतात की मध्यावर पुढच्या दिशेचंही फील्ड तयार होतं. रेडियल बीममध्ये तर ते इतकं तगडं होतं की काकणाचं भोकच भरून निघतं, पण ज्याने भरलं ते फील्ड उभं, म्हणजे प्रवासाच्याच दिशेचं. मग स्फटिकाचा मुख्य अक्ष बीमच्याच दिशेला असला तरी जे आकडे एरवी झोपलेले असतात ते जागे होतात. म्हणजे स्फटिक न फिरवता, न कापता, नुसता प्रकाशाचा आकार बदलून टेन्सरमधला हवा तो आकडा विचारता येतो. उभ्या नॅनोवायरसाठी हे फार सोयीचं, कारण त्या आडव्या करायला गेलं की मोडतात.

एका पापुद्र्याची मटेरियल एवढी गाजतात ती का?

मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर बिनसेंटरचा, नेहमीच्या रचनेत दोन थर एकमेकांवर उलटे बसतात म्हणून सेंटरवाले, तीन परत बिनसेंटरचे. २०१३ मध्ये दोनतीन गटांनी दाखवलं की सेकंड हार्मोनिक (दुप्पट फ्रीक्वेन्सीचा प्रकाश) विषम थरांना दिसतं आणि सम थरांना जवळजवळ गायब होतं. शिवाय पोलरायझेशन फिरवत गेलं की सहा पाकळ्यांचं फूल उमटतं, त्यावरून थर कुठल्या दिशेला वळलाय ते कळतं. अणू मोजायला न जाता नुसत्या उजेडाने.

हाय हार्मोनिक म्हणजे आणखी वरचे स्वर का?

हो. गॅसमध्ये ते १९८७ पासून माहीत होतं, त्यातूनच ॲटोसेकंदांचे, म्हणजे अतिशय सूक्ष्म काळाचे, प्रकाशाचे झटके आणि २०२३ चं नोबेल आलं, ॲन लुइलिये, अगोस्तिनी आणि क्राउझ यांना. स्फटिकात मात्र २०११ मध्ये झिंक ऑक्साइडमध्ये धड दिसलं. सेंटरवाल्या स्फटिकात फक्त विषम नंबरचे हार्मोनिक, बिनसेंटरमध्ये समही.

यातला माझ्या आवडीचा भाग म्हणजे दोन रंग, मूळ आणि त्याचा दुप्पट, एकमेकांच्या उलट गोल फिरवत एकत्र घालतात. दोन्हींची बेरीज होऊन फील्डचं टोक तीन पानांचं बेलाचं पान काढतं. असा प्रकाश गॅसमध्ये घातला तर तिसरा, सहावा, नववा असे हार्मोनिक गळून पडतात, जमाखर्च तोच, फक्त या वेळी तीनच्या नोटा प्रकाशाकडे आहेत. आणि तीनपदरी जाळीच्या स्फटिकावर टाकला की हे पान जाळीवर कुठल्या कोनात ठेवलंय याला किंमत येते, पान फिरवलं की इलेक्ट्रॉन एका दरीत (स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या नकाशातला खळगा) जास्त जातात की दुसऱ्या, ते बदलतं. २०२४ मध्ये हे बोरॉन नायट्राइड आणि मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये करून दाखवलंय.

चुंबकीय स्फटिकांचं काय?

थोडक्यात: अणूंची मांडणी सेंटरवाली असली तरी चुंबकीय मांडणी ते सेंटर मोडू शकते. क्रोमियम ऑक्साइडमध्ये थंड केल्यावर तसं होतं, आणि १९९० च्या दशकात त्यावरून एरवी सहज न दिसणाऱ्या डोमेनचे फोटो काढले गेले.

हे सगळं करून उपयोग काय? (हा प्रश्न नेहमी शेवटच्या बाकावरच्या पालकांचा)

अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ बीम आहेत, १०५३ नॅनोमीटरचे, आणि ते केडीपी नावाच्या स्फटिकाच्या मोठ्या लाद्यांमधून ३५१ चे करून मगच टार्गेटवर सोडतात. मायक्रोस्कोपमध्ये कोलॅजन, म्हणजे स्नायूबंध, त्वचा, यांचे तंतू रंग न लावता हिरवे-निळे चमकतात कारण त्या दोऱ्यांनाही सेंटर नाही. आणि उलट्या दिशेनेही चालतं, एक फोटॉन फोडून दोन. २००१ मध्ये झायलिंगरच्या गटाने बीबीओमध्ये दाखवलं की फुटलेल्या दोघांच्या एलची बेरीज मूळ एलएवढीच राहते आणि दोघे एंटँगल्ड, म्हणजे क्वांटम पद्धतीने एकमेकांत गुंतलेले, असतात. शिवाय लिथियम नायोबेटमध्ये डोमेनच काट्याच्या आकारात उलटे केले की साधा बीम घातला तरी दुप्पट रंगाचं काकण बाहेर पडतं, आकार प्रकाशात नव्हता, स्फटिकात होता.

गोव्यातल्या पावसात क्रिस्टल टिकतात का?

जखमेवर मीठ. केडीपी पाण्यात विरघळतो, बीबीओही दमट हवेला कुरकुरतो. जुलैमधली गोष्ट, एका लॅबमध्ये (कुठली ते राहू दे) शनिवारी लाइट गेली, एसी बंद, जनरेटर कुणी चालू केला नाही, सोमवारी गेलो तर डब्यातलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालेलं आणि केडीपीच्या एका बाजूवर धुकं. पुसायचं नसतं, मी पुसलं. अजून तो तुकडा माझ्या टेबलावर पेपरवेट आहे. आता जून ते सप्टेंबर दर शुक्रवारी जेल कोरडं करून ठेवतो.

गोव्यात हे कुठे शिकायला मिळेल?

फिजिक्ससाठी ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, फर्मागुडीला आयआयटी, झुवारीनगरला बिट्स. शाळेतल्या मुलांना मिरामारचं विज्ञान केंद्र पुरे. आणि लेझर नाही मिळाला तरी सिमेट्री शिकायला जुन्या घरांतल्या टाइल्सची जमीन घ्या, कुठल्या बिंदूभोवती किती फिरवलं की जुळते ते खडूने खुणा करत शोधा. मी एका सुट्टीत मावशीची अख्खी वसरी खडूने भरली होती, बोलणी खाल्ली.

मीठ कधीच चमकणार नाही का?

आत नाही. पण पृष्ठभागावर एका बाजूला मीठ आणि दुसऱ्या बाजूला हवा, तिथे सेंटर मोडतंच, म्हणून फार फिका सिग्नल तिथून येतो. पाण्याच्या पृष्ठभागावरूनही येतो, आणि त्यावरूनच पाण्याच्या वरच्या थरातले रेणू कुठे तोंड करून आहेत ते अभ्यासतात. बाहेरून जोरदार व्होल्टेज लावलं तरी सेंटर मोडतं. आमच्या कॅमेऱ्याला मात्र यातलं काही दिसत नाही.

साखर कुठल्या ब्रँडची वापरली?

कुठलीही चालते, फक्त नीट कुटलेली हवी. आणि रात्री काचपट्ट्या टेबलावर उघड्या ठेवू नका. आम्ही ठेवल्या होत्या. सकाळी एका पट्टीवर मीठ जसंच्या तसं, आणि दुसरी स्वच्छ. मुंग्यांची रांग ऑप्टिकल टेबलाच्या पायावरून खाली उतरत होती.